हप्त्याचे घर की हक्काचे घर?

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावात आपल्या समाजातील नोकरदार घरांत सध्या एक प्रश्न वारंवार चर्चेला येतो. बौद्धवाड्यातील बापजाद्यांच्या घरात राहायचे, की कर्ज काढून गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत रो-हाऊस किंवा फ्लॅट घ्यायचा? जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, एस.टी.चा वाहक, साखर कारखान्यातील कायम कामगार, दौंडला राखीव पोलीस दलात असलेला जवान, रांजणगावच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन नोकरी करणारा तरुण, या सर्वांपुढे हा प्रश्न आहे. वरवर पाहता ही प्रत्येकाच्या घरची खाजगी बाब वाटते. पण ज्या समाजाची राहण्याची जागाच हजारो वर्षे दुसऱ्यांनी ठरवली, त्या समाजाने आपले घर कोठे असावे हे स्वतः ठरवणे ही खाजगी बाब राहत नाही. म्हणूनच या विषयावर आम्ही आज सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वस्ती सोडून जाऊ इच्छिणाऱ्याला सरसकट 'समाजाला विसरलेला' म्हणण्याची जी सवय आपल्यात पडली आहे, ती चुकीची आहे. दोन खोल्यांत सहा माणसे, अभ्यासाला कोपरा नाही, दारातून वाहणारे गटार, दोन दिवसांआड येणारे नळाचे पाणी, रात्री बारापर्यंत वाजणारा डीजे, अशा घरात दहावीला बसलेल्या मुलीने अभ्यास कसा करायचा? तिच्या बापाला चांगल्या घराची ओढ लागली तर त्यात गैर काय? चांगले घर, हवेशीर खोली, स्वच्छ संडास हा माणसाचा अधिकार आहे. तो मागणे म्हणजे चैन नव्हे.

दुसरे कारण पत्त्याचे आहे. आपल्या देशात पत्ता विचारला की जात कळते. श्रीगोंदा या गावालाही हे ठाऊक असायला हवे. या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. जुन्या कागदपत्रांत हेच नाव सापडते. पुढे 'चांभार' जाऊन 'श्री' आला. नावाच्या पुढे 'श्री' लागला म्हणून चामड्याचे काम करणाऱ्याच्या पोराला गावात 'श्री' म्हणून हाक मिळाली काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच होता. पण पाटी बदलल्याने गटार बुजत नाही आणि समोरच्याची नजरही बदलत नाही. त्यामुळे पत्ता बदलण्यासाठी माणूस घरच बदलू पाहतो. ही त्याची हौस नाही, ती त्याच्यावर लादलेली गरज आहे.

घर बदलण्याचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास बाबासाहेबांचे नाव घेतले जाते. ते घेतलेच पाहिजे, पण पुरते घेतले पाहिजे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव घेऊन त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांनी त्यांना तेथून बाहेर काढले. खिशात पैसा होता, हातात पदवी होती, दरबारची नोकरी होती, तरी छप्पर मिळाले नाही. घराच्या प्रश्नात पैसा हा एक भाग असतो, जात हा दुसरा भाग असतो, हे त्यावरून कळते.

त्याच बाबासाहेबांचे कुटुंब मुंबईत परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. १९१२ पासून सुमारे २२ वर्षे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दोन वेळा परदेशात शिकून आले, बॅरिस्टर झाले, महाडचा सत्याग्रह केला, गोलमेज परिषदेला गेले, तरी बिऱ्हाड चाळीतच होते. नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत जागा घेऊन त्यांनी 'राजगृह' बांधले आणि १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते तेथे राहायला गेले. कशासाठी? ग्रंथांसाठी. चाळीच्या खोल्यांत पुस्तके मावत नव्हती, बसून लिहायला निवांत जागा नव्हती. राजगृहाची रचनाच ग्रंथालय डोळ्यांपुढे ठेवून झाली. शेजाऱ्याने घर बांधले म्हणून, नातेवाईकांत मान वाढावा म्हणून बाबासाहेबांनी घर बांधले नाही. कामाला घर हवे होते म्हणून बांधले.

आणि त्यापुढची गोष्ट आपण बहुधा सांगत नाही. ते परळहून दादरला गेले, पण १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेवर निवडून आले ते भायखळा-परळ मतदारसंघातून. म्हणजे ज्या चाळीतून ते बाहेर पडले, त्या चाळीतल्या माणसांनीच त्यांना आपला माणूस मानून निवडून दिले. बिऱ्हाड हलले, नाते हलले नाही. राजगृहाचा दाखला देऊन कर्ज काढणाऱ्या प्रत्येकाने या दोन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. आपण कशासाठी जात आहोत? आणि गेल्यावर आपल्याला वस्तीत कोणी आपला म्हणेल काय?

आता हिशेबाकडे येऊ. आपल्या समाजात भावनेचे भाषण पुष्कळ होते, हिशेब फारसा होत नाही. समजा, २५ लाखांचे घर आहे. पाच लाख गाठीचे, भविष्य निर्वाह निधीतून आणि बायकोच्या दागिन्यांतून उभे केले आणि २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी काढले. व्याजाचा दर ९ टक्के धरला तर महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार ९९५ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १५ हजार रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते अवघे तीन हजारांच्या आत. २० वर्षांत बँकेला जवळजवळ ४३ लाख १९ हजार रुपये दिले जातात. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता सुमारे १० लाख ८० हजार रुपये भरल्यावरही १७ लाख ७४ हजारांच्या आसपास मुद्दल शिल्लकच असते. पाच वर्षांनी नोकरी गेली, दुखणे आले, बदली झाली, तर भरलेल्या पैशांतले फार थोडे घरात मुरलेले असते. दारावर आपल्या नावाची पाटी असते, पण कागद बँकेत असतात. याला आम्ही हप्त्याचे घर म्हणतो.

यात वयाचाही हिशेब आहे. चाळिसाव्या वर्षी २० वर्षांचे कर्ज काढणारा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि हप्ता साठीपर्यंत चालतो. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाने नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद करून अंशदायी योजना आणली. आपल्या आधीच्या पिढीतील मास्तरांनी पेन्शनच्या आधारावर जे धाडस केले, ते आजच्या मास्तराला जसेच्या तसे करता येणार नाही. कंत्राटी कामगाराची तर गोष्टच वेगळी. ज्याला पुढच्या वर्षी कामावर घेतील की नाही याची खात्री नाही, त्याने २० वर्षांचे वचन बँकेला कशाच्या जोरावर द्यायचे?

हा हप्ता कोणाच्या ताटातून जातो हेही पाहिले पाहिजे. तो बापाच्या ताटातून जात नाही, मुलांच्या शिक्षणातून जातो. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' असो की मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यांची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची ठरलेली. बहुतेक नियमित पगारदार या मर्यादेच्या वर जातात. म्हणजे मुलगी पुण्याला शिकायला गेली तर तिच्या खोलीचे भाडे, खानावळ, बसचा पास आणि पुस्तके बापालाच पाहावी लागतात. नेमक्या त्याच वेळी १८ हजारांचा हप्ता चालू असेल तर काय होते? मुलीला सांगितले जाते, 'इथल्याच कॉलेजात घाल नाव.' मुलगा पुढे शिकण्याऐवजी मिळेल त्या कंपनीत लागतो. घर मोठे झाले आणि त्या घरातला माणूस लहान राहिला, तर त्या घराला काय अर्थ? 'शिका' हा आदेश पहिला आहे. फरशी आणि मॉड्युलर किचन त्याच्या नंतर येते.

दुसरा मार्ग काय? ज्याची वस्तीत स्वतःची जागा आहे त्याने त्याच जागेवर पक्के बांधकाम करावे, वर एक मजला चढवावा, मुलांसाठी अभ्यासाची स्वतंत्र खोली काढावी. सात लाखांचे कर्ज १० वर्षांसाठी काढले तर त्याच ९ टक्के दराने हप्ता सुमारे ८ हजार ८६७ रुपये येतो आणि निवृत्तीच्या बऱ्याच आधी फिटतो. दोन हप्त्यांतला फरक महिन्याला नऊ हजारांहून अधिक आहे. हे नऊ हजार म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या राहण्या-जेवण्याचा मोठा आधार आहे. ज्याच्या जागेवर हे शक्य आहे आणि ज्याच्या मुलांचे शिक्षण अजून व्हायचे आहे, त्याने आज कॉलनीच्या मागे धावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण येथे खरी अडचण पुढे येते. वस्तीतील अनेक घरांचे कागदच धड नाहीत. उतारा अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, चार भावांत तोंडी वाटप, मोजणी नाही. अशा जागेवर बँक कर्ज देत नाही आणि घरकुलही मंजूर होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी २००८ साली शासन निर्णय होऊन रमाई आवास योजना आली. २६९ चौरस फुटांच्या पक्क्या घरासाठी शहरी भागात अडीच लाख रुपयांचे अनुदान या योजनेत ठरलेले आहे. ज्यांना पगार नाही, मजुरीवर पोट आहे, त्यांच्यासाठी ही योजना आहे. पण जागेचा पुरावा नाही म्हणून गरिबाचा अर्ज मागे येतो. पगारदाराला कर्ज नाही आणि मजुराला घरकुल नाही. दोघांचे दुखणे एकच, कागद. म्हणून नगरपरिषदेचा कर-आकारणी उतारा, भूमी अभिलेख कार्यालयातील मालमत्ता पत्रक आणि वारसनोंद ही तीन कामे प्रत्येक घराने हाती घ्यावीत. जयंतीच्या वर्गणीसाठी जे तरुण घरोघरी फिरतात, त्यांनी एक महिना या कागदांसाठी फिरावे. हक्काचे घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. ज्याचा उतारा आपल्या नावावर आहे तेच हक्काचे घर.

कॉलनीतील घरासाठी आणखी एक किंमत मोजली जाते. पाच लाख गाठीला नसतात म्हणून वतनाची जमीन विकायला काढली जाते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, ते या वतनातील गुलामी मोडण्यासाठी. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या कायद्याने वतन गेले आणि जमिनी ठरलेल्या अटींवर मूळ कुटुंबांना परत मिळण्याची वाट मोकळी झाली. या जमिनी परवानगीशिवाय विकता येत नाहीत, ही अट आपल्या संरक्षणासाठी आहे. तरी धनदांडगे नोटरीच्या कागदावर, विसार पावतीवर, मातीमोल भावाने त्या बळकावतात. आज कुकडीच्या आणि घोडच्या पाण्यामुळे तालुक्यातील जमिनींना भाव आला आहे. अशा वेळी एक एकर वतन देऊन दोन खोल्यांचा फ्लॅट घेणे हा कोणता शहाणपणा? फ्लॅट जुना होतो, जमीन जुनी होत नाही. घरासाठी वतनाची जमीन विकू नका.

आता नव्या कॉलनीत गेल्यावर काय होते ते पाहू. पैसे मोजले की जात सुटते, असा अनेकांचा समज असतो. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली होती. दलित व मुस्लीम नावाने घर मागणाऱ्यांना नकार मिळतो किंवा जादा अटी घातल्या जातात, हे त्या पाहणीत पुढे आले. राजधानीत ही स्थिती, तर तालुक्याच्या गावात जेथे आडनावावरून तीन पिढ्या सांगितल्या जातात तेथे काय असणार? घर विकत मिळेलही. पण मग सुरू होते ती लपवाछपवी. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत जातो, मुलाला 'वस्तीतल्या मित्रांना घरी आणू नको' म्हणून बजावले जाते, आणि १४ एप्रिलला कुलूप लावून गावाला जावे लागते. असे घर माणसाला मोठे करत नाही. कॉलनीत राहायचे तर ताठ मानेने राहावे. फोटो दर्शनी भिंतीवर असावा, दारावर पूर्ण नाव असावे. हे जमणार नसेल तर पैसे खर्चून तुरुंग विकत घेऊ नये.

आपल्या माणसांत राहण्याचा आधार केवढा असतो हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा ही नावे आपण विसरलेलो नाही. रात्री-बेरात्री हाक मारली तर धावून येणारी चार घरे आजूबाजूला असणे, आजारपणात डबा येणे, मयताला खांदा मिळणे, याची किंमत कोणत्याही बिल्डरच्या जाहिरातीत लिहिलेली नसते.

मग कोणीच वस्ती सोडू नये काय? असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बाबासाहेबांनी गावगाड्यातून बाहेर पडा असे सांगितले, ते लाचारीतून बाहेर पडण्यासाठी. वस्तीत जागाच नाही, भावांची कुटुंबे वाढली आहेत, कामाचे ठिकाण दूर आहे, घरात व्यसनाचा आणि भांडणाचा त्रास आहे, मुलींना जाता-येता सुरक्षित वाटत नाही, अशा कुटुंबाने जरूर जावे. फक्त हिशेब करून जावे. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावा. ४५ हजार हातात येत असतील तर हप्ता १५ हजार. १५ वर्षांच्या मुदतीने आणि ९ टक्के दराने त्यात सुमारे पावणेपंधरा लाखांचे कर्ज बसते. तेवढ्यात बसणारे घर पाहावे, मुदत निवृत्तीच्या आत संपावी आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असावेत. प्लॉट बिगरशेती आहे की गुंठेवारीचा, नगरपरिषदेची बांधकाम परवानगी आहे काय, हे वकिलाकडून तपासून घ्यावे, दलालाच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

आणि घर बायकोच्या नावावर घ्यावे. १ एप्रिल २०२१ पासून राज्यात महिलेच्या नावे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. २५ लाखांवर हे २५ हजार होतात. पण प्रश्न केवळ सवलतीचा नाही. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी हिंदू कोड बिल मांडणाऱ्या आणि ते रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी आहोत. ते आपल्या घरच्या उताऱ्यावरही दिसले पाहिजे. घर बदलण्याच्या निर्णयातही तिचे मत आधी विचारावे, कारण पाण्याची वेळ, मुलांची शाळा आणि शेजार यांचे सुखदुःख तीच रोज सोसते.

जे जातील त्यांच्यावर आणि जे राहतील त्यांच्यावर चळवळीची स्वतंत्र जबाबदारी आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो. ती खोटी ठरवायची असेल तर कॉलनीत गेलेल्या शिक्षकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी विहारात येऊन मुलांचा अभ्यास घ्यावा. वस्तीतले घर विकू नये. शक्य असेल तर एक खोली अभ्यासिकेला द्यावी. आणि जे राहतील त्यांनी गटार तुंबले म्हणून कुढत बसू नये. दलित वस्ती सुधारणेसाठी येणारा निधी आपल्या वस्तीत किती आला, कोणत्या कामावर खर्च झाला, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे शुल्क भरून नगरपरिषदेला विचारता येते. जी वस्ती विचारते तिच्याकडे दुर्लक्ष करणे प्रशासनाला अवघड जाते. वस्ती राहण्याजोगी झाली तर ती सोडण्याची निम्मी कारणे आपोआप संपतील.

तेव्हा समाजबांधवांनो, पाहुण्यांनी वास्तुशांतीला बोलावले म्हणून दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊ नका. आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसा. पगाराची पावती, जागेचा उतारा आणि मुलांच्या पुढच्या पाच वर्षांच्या शिक्षणाचा खर्च समोर ठेवा. शिक्षणाचे पैसे बाजूला काढून जे उरेल त्यात कॉलनीतले घर बसत असेल तर खुशाल घ्या आणि अभिमानाने राहा. बसत नसेल तर आहे त्या जागेचे कागद करा, तिच्यावर मजला चढवा आणि मुलांना शिकवा. शिकलेली मुले उद्या आपल्या कमाईने हवे तेथे घर घेतील आणि त्यासाठी त्यांना वतन विकावे लागणार नाही.